केकवरचं 'क्रीम' खरंच क्रीम असतं का? कॅफेतलं डेझर्ट नेमकं कसं ओळखायचं?

वाढदिवसाचा केक टेबलावर येतो. कोणीतरी "थांब थांब, आधी फोटो" म्हणून ओरडतं आणि सगळ्यांचे फोन वर येतात. क्रीमचं प्रत्येक फूल ताठ उभं, कडा धारदार, वर लालबुंद चेरी. हा केक रिक्षातून आलाय, अर्धा तास पंख्याखाली बसलाय आणि बाहेर मे महिना आहे. तरी क्रीम जागचं हललेलं नाही.

आता हेच घरी करून बघा. दुधापासून बनवलेलं व्हिपिंग क्रीम आणा, थंडगार भांड्यात फेटा, त्याची फुलं काढा आणि मे महिन्यात ओट्यावर ठेवून द्या. थोड्याच वेळात फुलं बसायला लागतील आणि कडेनं पाणी सुटेल.

मग त्या केकवर काय होतं?

बऱ्याचदा ते क्रीम नसतंच. त्याला बेकरीवाले 'व्हिप टॉपिंग' म्हणतात आणि ते वनस्पती तेलापासून बनतं. यात लपवाछपवी असतेच असं नाही. बेकरीच्या सामानाच्या दुकानात त्याचे डबे राजरोस मिळतात, आणि केकच्या क्लासला गेलेल्या प्रत्येकाला ते माहीत असतं. माहीत नसतं ते फक्त खाणाऱ्याला.

माझंच सांगते. दोनेक वर्षांपूर्वी एका कॅफेतल्या पेस्ट्रीचा मी रील केला होता. चमच्यानं कापताना थर कसे सुंदर दिसत होते! कॅप्शनमध्ये मी 'क्रीमी' हा शब्द तीनदा वापरला होता. नंतर एका बेकिंग करणाऱ्या मैत्रिणीनं रील बघून एवढंच विचारलं, "खाल्ल्यावर टाळूला काही चिकटल्यासारखं वाटलं का?" वाटलं होतं. पण ते मी 'रिच' असण्याच्या खात्यात जमा केलं होतं.

खरी गंमत इथे आहे. आपण बाहेरचं डेझर्ट डोळ्यांनी जोखतो, आणि डोळ्यांना जे छान दिसतं ते स्वस्त फॅटपासून जास्त सोपेपणानं बनतं. खरं क्रीम ढासळतं. खरं चॉकलेट हाताला लागतं. लोण्याचा क्रॉसाँ फोटोत मार्जरीनच्या क्रॉसाँसारखाच दिसतो. म्हणजे आपण लाइक आणि स्टार वाटतो तेव्हा नेमकं कशाला बक्षीस देतोय, हा प्रश्न उरतोच.

बासुंदीच्या बाबतीत आपण फसत नाही, मग इथे का?

बासुंदी तोंडात टाकली की घरातली कोणतीही आजी सांगते, दूध आटवलंय की कॉर्नफ्लोअर लावून घट्ट केलंय. श्रीखंडातला चक्का नीट टांगला होता की नाही, तूप रवाळ आहे का, पाक कच्चा राहिलाय का, पुरणात गूळ किती आणि साखर किती, यावर आपल्या पंगतीत वाद होतात. कोणीही बासुंदीच्या रंगावरून निकाल देत नाही. हे शिकायला कोणी क्लास लावत नाही. लहानपणापासून चांगलं आणि वाईट दोन्ही खाल्लेलं असतं, म्हणून ते कळतं.

तिरामिसू, चीजकेक, मूस, क्रॉसाँ हे पदार्थ मात्र आपल्यापैकी अनेकांनी पहिल्यांदा कॅफेतच खाल्ले. पहिलं जे खाल्लं तेच प्रमाण झालं. टॉपिंग घातलेली तिरामिसू म्हणजेच तिरामिसू अशी जिभेची समजूत झाली, तर दोष जिभेचा नाही. तिला तुलना करायला काही मिळालंच नाही.

टॉपिंग म्हणजे नेमकं काय?

दुधाच्या क्रीममध्ये फॅट असतं ते दुधाचं. फेटून ते उभं राहायला त्यात साधारण ३० टक्के किंवा जास्त फॅट लागतं. आपल्याकडे भाजीत घालायला मिळणारं २५ टक्क्यांचं 'फ्रेश क्रीम' कितीही फेटलं तरी ताठ होत नाही, ते त्यामुळे. व्हिप टॉपिंगमध्ये दुधाच्या फॅटऐवजी बहुतेक वेळा पामच्या बियांचं, हायड्रोजन सोडून घट्ट केलेलं तेल असतं. सोबत पाणी, साखर आणि मिश्रण धरून ठेवणारे घटक.

खरं क्रीम फेटलं की साधारण दुप्पट होतं. टॉपिंग तिप्पट-चौपट फुगतं. म्हणजे एका डब्यात जास्त केक सजतात, आणि आपल्या घासात हवा जास्त येते. ते तासन्‌तास उभं राहतं, हवा तो रंग घेतं आणि फुटत नाही. उकाडा, लोडशेडिंग, डिलिव्हरीवाल्याची बाइक आणि पुण्यातले खड्डे या सगळ्यांतून केक शाबूत पोचवायचा असेल तर बेकरीवाल्याला टॉपिंगचा मोह का होतो, हे समजण्यासारखं आहे. स्वस्तात, रंगीत, कार्टूनच्या आकाराचा केक आपणच मागतो. तो खऱ्या क्रीममध्ये जवळपास अशक्य आहे.

ओळखायचं कसं? चमच्यावर फक्त क्रीम घ्या, केक नको. जिभेवर ठेवा आणि चावू नका. दुधाचं क्रीम तोंडातल्या उष्णतेनं लगेच विरघळतं आणि मागे दुधाची चव राहते. टॉपिंग फेसासारखं बसतं, मग नाहीसं होतं, पण टाळूवर मेणचट पातळ थर सोडून जातं. एक घोट पाणी प्यायलात तरी तो थर जाणवतो. गोडीतही फरक आहे. बरीच टॉपिंग मुळातच गोड येतात, त्यामुळे 'साखर कमी घाला' असं सांगून फारसा उपयोग होत नाही.

इथे एक व्हॉट्सॲप फॉरवर्डही निकालात काढू. 'टॉपिंग म्हणजे प्लास्टिक' हे खरं नाही. ते खाद्य तेलच आहे. काळजीचा मुद्दा होता ट्रान्स फॅटचा. अर्धवट हायड्रोजन केलेल्या तेलात ते तयार होतं आणि हृदयाला घातक असतं. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, खाद्य तेलं आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि २०२२ पासून २ टक्के केली. पूर्ण हायड्रोजन केलेल्या तेलात ट्रान्स फॅट नगण्य असतं, पण संपृक्त फॅट भरपूर असतं. ते तसं लोण्यातही असतं. तेव्हा तब्येतीच्या नावानं टॉपिंगला शिव्या घालून लोण्याचे तीन क्रॉसाँ खाण्यात अर्थ नाही.

दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी मात्र एक धोक्याची सूचना. 'नॉन-डेअरी' लिहिलेल्या अनेक टॉपिंगमध्ये सोडियम कॅसिनेट असतं आणि ते दुधातलं प्रथिन आहे. म्हणजे फॅट दुधाचं नाही, पण दूध पूर्ण गायबही नाही. व्हीगन मंडळींनीही डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला हवीत.

आणि ती वरची लालबुंद चेरी? आपल्याकडच्या पेस्ट्रीवर ती अनेकदा चेरी नसून बी काढून पाकात मुरवलेलं, लाल रंग दिलेलं करवंद असतं. टुटीफ्रुटी कच्च्या पपईची असते, तशीच ही भानगड. मला स्वतःला यात फार गैर वाटत नाही. कोकणातलं फळ ब्लॅक फॉरेस्टवर जाऊन बसलं, याचं थोडं कौतुकच आहे. फक्त मेन्यूवर 'इम्पोर्टेड चेरी' लिहू नये. जर्मनीत तर ब्लॅक फॉरेस्ट केकमध्ये किर्श नावाची चेरीची दारू असावी लागते, त्याशिवाय ते नाव लावता येत नाही. आपल्याकडचा केक त्या हिशेबानं लांबचा चुलत भाऊ ठरतो.

'बेल्जियन चॉकलेट' आणि कंपाउंड

चॉकलेटची गोष्ट क्रीमसारखीच आहे, फक्त पैशांचा फरक मोठा. खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं. ते साधारण ३४ अंश सेल्सियसला वितळतं, आपल्या अंगाच्या तापमानापेक्षा जरा खाली. त्यामुळे चॉकलेट बोटांवर मऊ पडतं आणि तोंडात पूर्ण वितळतं. कंपाउंडमध्ये कोको पावडर असते, पण कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती फॅट. ते वितळवून ओतलं की झालं. खऱ्या चॉकलेटला चकाकी आणि 'कटकन' मोडणारा आवाज यावा म्हणून ठरावीक तापमानांतून फिरवावं लागतं. त्याला टेम्परिंग म्हणतात आणि आपल्या हवेत ते काम जिकिरीचं आहे.

२०२४ च्या सुरुवातीला जागतिक बाजारात कोकोचा भाव टनामागे १० हजार डॉलरच्या वर गेला होता. पश्चिम आफ्रिकेत पीक बुडालं, हे त्यामागचं मोठं कारण. अशा वेळी मेन्यूवरचा भाव तोच राहून पदार्थही तोच राहिला, असं क्वचितच होतं. कुठे आकार लहान होतो, कुठे चॉकलेट कंपाउंड होतं.

'बेल्जियन' या शब्दावर तर फार भाळू नये. तो चॉकलेटच्या परंपरेबद्दल सांगतो, तुमच्या ताटलीतल्या गनाशबद्दल नाही. बॅरी कॅलेबाँ या जगातल्या बड्या चॉकलेट कंपनीचा एक कारखाना आपल्या बारामतीत आहे, आणि तिथे चॉकलेटही बनतं आणि कंपाउंडही. तेव्हा देश विचारण्यापेक्षा 'कूव्हर्च्युअर आहे की कंपाउंड' असं विचारा. कूव्हर्च्युअर म्हणजे कोको बटर जास्त असलेलं, पेस्ट्रीच्या कामाचं चॉकलेट. हा शब्द ऐकून काउंटरवरचा माणूस लगेच उत्तर देतो की आत विचारायला जातो, यावरूनही बरंच कळतं.

चव घेताना ब्राउनी किंवा मूसचा पहिला घास न चावता जिभेवर दाबा. चॉकलेटमध्ये गोडीच्या मागून किंचित कडू, कधी आंबूस चव यायला हवी. नुसती गोडी आणि कोकोचा वास येऊन विषय संपला, तर चॉकलेट कमी आणि साखर जास्त. डेझर्टमधला सगळ्यात स्वस्त घटक साखरच असतो, आणि बाकी चवींची गैरहजेरी ती बेमालूम झाकते. म्हणूनच आपल्याकडे डेझर्टची सर्वोच्च स्तुती "छान आहे, जास्त गोड नाहीये" अशी होत असावी.

सिझलिंग ब्राउनीबद्दल एका वाक्यात सांगायचं तर ती बघायची गोष्ट आहे. तापलेल्या तव्यावर सॉस जळतो, त्या वासात ब्राउनी चांगली की वाईट हे कळायला वावच राहत नाही. लाव्हा केकची परीक्षा त्यामानानं सोपी. त्याचं श्रेय दोन शेफकडे जातं. फ्रान्समध्ये मिशेल ब्रासनी १९८१ मध्ये गोठवलेलं गनाश केकच्या पिठात घालून तो बनवला, तर न्यूयॉर्कमध्ये जाँ-जॉर्ज व्हाँगरिश्टेन यांनी १९८७ मध्ये केक मध्ये जरा कच्चा ठेवून बनवला, असं सांगितलं जातं. दोन्ही प्रकारांत कापल्यावर कडा शिजलेल्या आणि मधलं गरम हवं. मधलं गरम, पण कडा रबरासारख्या असतील तर तो मायक्रोवेव्हमधून आलाय.

क्रॉसाँ संध्याकाळी सहाला खाऊन त्याला नापास करू नका

क्रॉसाँचा जीव लोण्यात आणि वेळेत असतो. कणकेत लोण्याची चादर गुंडाळून लाटायची, घडी घालायची, थंड करायची, पुन्हा लाटायची. तीन पदरी घडी तीनदा घातली की लोण्याचे २७ थर होतात. हे सगळं लोणी वितळू न देता. स्वयंपाकघर तापलं की लोणी कणकेत मुरतं, थर जातात आणि क्रॉसाँचा गोड पाव होतो. त्यामुळे चांगल्या क्रॉसाँमागे बहुधा एसीची खोली, फ्रिजमधली रात्र आणि पहाटे उठलेलं कोणीतरी असतं. त्याचे पैसे आपण मोजतो, आणि ते मला महाग वाटत नाहीत.

मार्जरीनचं काम सोपं आहे. ते उन्हाळ्यातही घट्ट राहतं, थर नीट सुटतात आणि क्रॉसाँ फोटोत देखणा दिसतो. म्हणून इथेही डोळे कामाचे नाहीत. नाकाजवळ न्या. लोण्याचा क्रॉसाँ भाजलेल्या लोण्याचा वास देतो, जवळपास तूप कढवताना येतो तसा. मध्ये कापला तर आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसायला हवी. बाहेरचा पापुद्रा चुरचुरत तुटून अंगावर सांडला पाहिजे, आतला भाग किंचित ओढला गेला पाहिजे. आणि खाऊन झाल्यावर तोंडात मेणाचा लेप नको.

मार्जरीनला सरसकट वाईट ठरवायचीही गरज नाही. आपली इराण्याची खारी थरांचीच असते आणि ती वर्षानुवर्षं वनस्पती तुपात बनत आलीये. ती चहात बुडवायची असते, त्यामुळे तिनं कोरडं, हलकं, टिकाऊ असणंच बरोबर. खारी खारीच्या भावात मिळते आणि स्वतःला क्रॉसाँ म्हणवत नाही. भांडण पदार्थाशी नाही, नावाशी आहे.

वेळेचं भान मात्र खाणाऱ्यानंही ठेवायला हवं. सकाळी भाजलेला क्रॉसाँ संध्याकाळी मऊ पडतो, पावसाळ्यात तर दुपारीच. तो सहाला खाऊन 'चिवट, दोन स्टार' लिहिणं म्हणजे रात्रीच्या शिळ्या भाकरीवरून सुगरणीला नावं ठेवण्यासारखं आहे. हो, तो 'ताजा' म्हणून विकला असेल तर दोन स्टार रास्त.

चीजकेक, तिरामिसू आणि शाकाहाराचा प्रश्न

चीजकेकचे ढोबळमानानं दोन प्रकार. भाजलेला, जो अंड्यानं धरला जातो. आणि न भाजता फ्रिजमध्ये सेट केलेला, ज्यात बऱ्याचदा जिलेटिन असतं. सध्या सगळीकडे दिसणारा, वरून जळकट काळा चीजकेक स्पेनमधल्या सान सेबास्तियानच्या 'ला विन्या' या बारमधून १९९० च्या आसपास जगभर निघाला. त्याचं मधलं लिबलिबीत असणं मुद्दाम असतं. 'मध्ये कच्चा होता' ही तक्रार त्याच्याबाबतीत करू नये. तक्रार करायचीच तर काळा भाग कडू-कॅरमलसारखा लागण्याऐवजी नुसता करपट लागला, ही करावी.

आता जिलेटिन. ते जनावरांच्या हाडं-कातडीपासून बनतं, म्हणजे शाकाहारी नाही. मूस, पन्ना कोटा, सेट केलेला चीजकेक आणि काही केकवरची आरशासारखी चकाकी या सगळ्यांत ते असू शकतं. 'एगलेस' म्हणजे फक्त अंडं नाही. जिलेटिन नाही असा त्याचा अर्थ होत नाही. चातुर्मास पाळणाऱ्या आईला किंवा जैन मित्राला डेझर्ट भरवताना "अंडं नाहीये ना?" एवढं विचारून थांबणं पुरेसं नाही, आणि ही चूक मी केलेली आहे.

शुद्ध शाकाहारी ठिकाणी बऱ्याचदा अगार-अगार, म्हणजे आपलं चायना ग्रास वापरतात. ते जिभेला सांगता येतं. जिलेटिन अंगाच्या उष्णतेला वितळतं, त्यामुळे घास सरसरून विरतो. चायना ग्रास तेवढ्या उष्णतेला वितळत नाही, त्याचे बारीक तुकडे होतात. त्यामुळे शाकाहारी पन्ना कोटा जरा खरवसासारखा तुटला तर तो बिघडलेला नाही. काही ठिकाणी क्रीम चीजऐवजी टांगलेला चक्का वापरतात. मेन्यूवर तसं लिहिलेलं असेल तर मी तो आवर्जून मागवते. चक्क्याच्या आंबटपणाची परीक्षा आपल्याला येते.

तिरामिसूचं गाव म्हणून इटलीतल्या त्रेव्हिसोचं नाव घेतात. तिथल्या 'ले बेक्केरिए' या रेस्टॉरंटच्या मेन्यूवर ती १९७० च्या दशकात आली, असं मानलं जातं. घटक मोजके आहेत: मस्कारपोने चीज, अंडी, साखर, सावोयार्दी नावाची कोरडी बिस्किटं, कॉफी आणि वरून कोको. आपल्याकडे अनेक ठिकाणी बिस्किटांच्या जागी स्पंज केक, मस्कारपोनेच्या जागी टॉपिंग आणि कॉफीच्या जागी कॉफीचा इसेन्स असतो. मग उरतं ते फक्त नाव. चमचा तळापर्यंत घाला. बिस्किटात कॉफी मधोमध पोचलेली हवी, पण तळाला तळं साचलेलं नको. क्रीमला जरा आंबूस-दुधाळ चव हवी. वरचा कोको काळपट, ओला दिसत असेल तर ती आज भुरभुरलेली नाही. अस्सल तिरामिसूत अंडी कच्ची असतात आणि बऱ्याच ठिकाणी दारूही घालतात. गरोदर बाईसाठी किंवा लहान मुलासाठी मागवताना या दोन्ही गोष्टी विचारून घ्या.

मेन्यूवर काय लिहिणं बंधनकारक आहे?

क्रीमची गफलत कळायला आइस्क्रीमचं उदाहरण चांगलं आहे. एफएसएसएआयच्या नियमानुसार 'आइस्क्रीम' म्हणायचं तर फॅट दुधाचं हवं. वनस्पती तेल वापरलं की त्या पदार्थाला 'फ्रोझन डेझर्ट' म्हणावं लागतं, आणि पाकिटावर ते छापलेलं असतं. यावरून २०१७ मध्ये अमूलच्या जाहिरातीविरोधात हिंदुस्तान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली होती आणि न्यायालयानं त्या जाहिराती थांबवायला सांगितलं. फ्रोझन डेझर्ट विकणं कायदेशीर आहेच. मुद्दा इतकाच, की दुकानात घेताना तुम्ही पाकीट वाचू शकता. कॅफेत ब्राउनीसोबत गोळा येतो, त्याचा डबा आत राहतो. मेन्यूवर मात्र 'विथ आइस्क्रीम' असतं.

जुलै २०२२ पासून १० किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या, तसंच केंद्रीय परवाना असलेल्या खाद्यगृहांना मेन्यूवर पदार्थाच्या कॅलरी देणं बंधनकारक आहे. ॲलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांची आणि शाकाहारी-मांसाहारीची माहितीही द्यावी लागते. म्हणजे मोठ्या साखळीतल्या कॅफेत तुम्ही हे हक्कानं मागू शकता. कोपऱ्यावरच्या एकट्या कॅफेला हा नियम लागू नाही, तिथे विचारणं हाच मार्ग. एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक मात्र बिलावर असायलाच हवा. तक्रार असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करता येते. बिलाचा फोटो ठेवा, डेझर्टचा तर तुम्ही काढलेलाच असतो.

मग रिव्ह्यू लिहायचा कसा?

मी आता एक सवय लावून घेतलीये. फोटो काढायचा, पण निकाल त्यावरून द्यायचा नाही. पहिला घास एकेका भागाचा वेगळा: फक्त क्रीम, फक्त स्पंज, फक्त सॉस. मग सगळं एकत्र. फ्रिजमधून थेट आलेल्या थंडगार केकची चव जीभेला अर्धीच कळते, म्हणून पाच-दहा मिनिटं थांबायचं. लोणी घातलेला केक तेवढ्यात मऊ होतो, आणि दुधाचं क्रीम किंचित सैल पडतं. ज्याला काहीच होत नाही त्याच्याकडे संशयानं बघायचं. (या दहा मिनिटांत मित्र तुमच्याकडे संशयानं बघतात, ते वेगळं.)

लिहिताना काय खाल्लं, किती वाजता, तिथे बसून की घरी मागवून, हे लिहिलं तर वाचणाऱ्याला उपयोग होतो. मागवलेल्या पेस्ट्रीचे थर सरकले, हा शेफचा दोष नसतो. 'ओके होतं', 'व्हॅल्यू फॉर मनी', 'इन्स्टा वर्दी' यांतून काहीच कळत नाही. 'क्रीम दुधाचं आहे, विचारल्यावर लगेच सांगितलं' हे एक वाक्य त्याहून कामाचं. आणि टॉपिंग असलेल्या पेस्ट्रीचा भाव टॉपिंगच्या हिशेबात असेल, तर तिला त्या हिशेबात चांगलं म्हणायला हरकत नाही. मला खटकतं ते दुधाच्या क्रीमचा भाव लावून टॉपिंग देणं.

न देखणं पण चांगलं कसं असतं, हे बघायचं तर पुण्यातल्या कॅम्पात जा. कयानी बेकरी १९५५ पासून तिथे आहे. तिथला मावा केक फोटोत अगदीच साधा येतो: तपकिरी, ना क्रीम, ना फूल, ना चेरी. खोक्यात भरा, एसटीत मांडीवर ठेवा, त्याला काही फरक पडत नाही, कारण ढासळायला वर काही नाहीच. माव्याचा आणि वेलचीचा वास खोकं उघडल्यावर आपणहून येतो.

गेल्या महिन्यात भावाच्या वाढदिवसाला आमच्या घराजवळच्या छोट्या केक शॉपमध्ये गेले होते. पाटीवर 'फ्रेश क्रीम केक' असं लिहिलेलं. मी काउंटरवरच्या दादांना विचारलं, "क्रीम दुधाचं आहे का?" ते हसले. "टॉपिंग आहे ताई. पाटी जुनी आहे, बदलायची राहिलीये. दुधाचं पाहिजे असेल तर दोन दिवस आधी सांगा, करून देतो. पैसे जास्त पडतील." मी म्हटलं, चालेल. ऑर्डर लिहून घेताना त्यांनी मान वर केली. "आणि ताई, एक सांगू? त्याच्यावर फुलं नीट येणार नाहीत. फोटो काढायचा असेल तर इथेच काढा, घरी जाईपर्यंत बसेल ते."